काळ्या दारूची दुनळी

बंदुका दुरुस्त करायचो असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. त्याला वाटतं, या म्हाताऱ्यानं काय काय पाहिलं असेल! काय पाहिलं? गंज पाहिला. बारामतीत भिगवण रस्त्याला दहा बाय बाराच्या खोलीत बसून उभं आयुष्य मी लोकांच्या बंदुकांचा गंज खरवडला. दिवाळी अंकाच्या संपादकांचा दोनदा फोन आला, 'काहीतरी थरारक लिहा.' थरार त्यांनी दुसऱ्या कुणाकडं तरी मागावा. माझे गुडघे गेलेत, उजव्या कानाला निम्मं ऐकू येतं, आणि जे लख्ख आठवतं ते आठवलं की झोप उडते. तरी लिहितो, कारण नाही म्हणायचासुद्धा आता कंटाळा आलाय.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे कोण? नव्वद सालच्या आसपास बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात बंदूक असायची ती बँकेच्या वॉचमनकडं, नाहीतर शेतकऱ्याकडं. शेतकऱ्याचा परवाना पीकसंरक्षणाचा. उसात रानडुकरं शिरली की हवेत बार काढायचा, एवढंच तिचं काम. वर्षातले तीनशे साठ दिवस ती खुंटीला. दसरा जवळ आला की घरच्यांना तिची आठवण यायची, आणि दसऱ्यानंतर आठवड्याभरात ती माझ्याकडं यायची. का? तर खंडेनवमीला तिला आंघोळ घातलेली असायची! बाहेरून ओल्या फडक्यानं पुसली तर समजू शकतो. आमच्याकडं नळीत पंचामृत ओतणारी घरं होती. दही, दूध, मध, साखर. आठ दिवसांनी नळीत डोळा लावला की मुंग्यांची रांग दिसायची. एक गिऱ्हाईक तर लग्नाच्या आधी बंदूक घेऊन आलं आणि म्हणालं, "मिस्त्री, आवाज जरा वाढवून द्या." जणू मी रेडिओवालाच.

आणखी एक काम माझ्याकडं होतं, ते या हकिगतीसाठी माहीत पाहिजे. परवान्याचं नूतनीकरण करायचं तर बंदूक दाखवावी लागे. कचेरीतल्या माणसाला बंदुकीतलं कळायचं नाही, म्हणून तो आधी मिस्त्रीची चिठ्ठी आणायला सांगायचा. मी नळी बघायचो, घोडा-चाप तपासायचो आणि लिहून द्यायचो, 'वापरण्यास योग्य' किंवा 'अयोग्य'. एका अक्षराचा फरक. अयोग्य लिहिलं की परवाना गेला, बंदूक सरकारजमा, आणि पुढं कधीतरी भंगारात कापली जायची. त्यामुळं लोक माझ्याशी नको इतक्या अदबीनं बोलत. मला त्या अदबीचा कधी आनंद झाला नाही, पण खोटं कशाला बोलू, सवय मात्र लागली होती.

आता जर्मन बंदुकांचं सांगतो. माझं खरं प्रेम तिथं. विलायती बंदुका देखण्या असतात, जर्मन बंदुका विचारी असतात. झूल नावाचं तिकडं एक गाव आहे, गावच्या गाव बंदुका घडवायचं. तिथल्या जुन्या शिकारी बंदुकीच्या चापाभोवतीची कमान लोखंडी नसते, ती शिंगाची असते. का, तर तिकडच्या थंडीत लोखंडानं बोटं गारठतात. दस्त्याला गाल टेकवायला उंचवटा, बाजूच्या पत्र्यावर कोरलेली हरणं आणि कोल्हे. आणि नळ्या! लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून तापवून ठोकलेल्या. घासून तेल लावलं की त्यावर लाटांची नक्षी उठून येते. माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा तशी नळी दाखवली तेव्हा मी अर्धा दिवस ती हातातून सोडली नव्हती.

पण या नळ्यांचं एक पथ्य असतं. त्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या. दारू म्हणजे बंदुकीची, पिण्याची नव्हे, हे आमच्या भागात स्पष्ट केलेलं बरं. जुनी काळी दारू सावकाश जळते, नळीतून ढकलत ढकलत छर्रे बाहेर काढते. आजकालच्या कारखान्याच्या काडतुसात असते ती नवी दारू, ती एका दणक्यात जोर करते. पट्ट्या ठोकून जोडलेली शंभर वर्षांची नळी तो दणका एखाद्या वेळी सोसेल, दुसऱ्या वेळी सोसणार नाही. नळीच्या पोटाखाली जर्मन लोक मुकुटाचे आणि अक्षरांचे बारीक छाप मारून ठेवतात. त्यात मुकुटाखाली एन असेल तर नवी दारू चालते. नसेल तर नाही. या विद्येवर माझं घर चाललं, आणि याच विद्येनं माझी मान खाली घातली.

इंदापूरकडच्या कळंबचे तात्या पहिल्यांदा आले ते एसटीनं, नूतनीकरणाच्या चिठ्ठीसाठी, बंदूक गोणपाटात गुंडाळून. साठीचे असतील. उंच, वाळकुडे, डोक्याला पटका, पायात जाड वहाणा. मूळचं मेंढरांचं घराणं. कालव्याचं पाणी आलं तशी मेंढरं विकून ऊस लावलेला. गोणपाट सोडलं आणि मी उठून उभाच राहिलो. बाहेर घोडे असलेली जर्मन दुनळी, शिंगाची कमान, पत्र्यावर एका बाजूला कोल्हा आणि एका बाजूला दोन तितर.

"तात्या, ही कुठनं आली तुमच्याकडं?"

"बाची हाय," तात्या म्हणाले. "साखर कारखान्याची यंत्रं बसवायला जर्मन सायेब आल्ता. त्याला शिकारीचा नाद. बा त्याच्यासंगं रानात हिंडायचा. मग लढाई लागली, सरकारनं जर्मन मान्सं धरून न्हेली. सायबानं जाताना ही बाच्या हातात दिली. म्हनला, लांडग्याला दाव."

"दावली का?"

"तर! तवा वाड्यावर लांडगं यायचं. वाडा म्हंजी मेंढरांचा, आमचा कुटला आलाय वाडा! बानं मागनं रीतसर लायसन काढलं. त्याच्या माघारी माज्या नावावर झालं."

मी नळ्या काढून पोटाखाली पाहिलं. मुकुट होते, एन नव्हता. आत दोन ठिकाणी गंजाचे खड्डे होते, पण नळीच्या टोकाकडं, जिथं जोर कमी. पाठीमागची बाजू स्वच्छ. मी तात्यांना समोर बसवून सगळं समजावलं. काळी दारू, नवी दारू, पट्ट्या, छाप. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"मंजी म्हातारीला मऊ भात पायजे," ते म्हणाले.

"अगदी तेच. आजवर काय घालत होता हिच्यात?"

"बा व्हता तवर तो सोता भरायचा. त्याच्या माघारी उडवलीच न्हाय. पर आता डुकरं लई झाल्यात. उसाची मुळं खात्यात, मकंत तर काय ठिवतच न्हाईत."

आता काय करायचं? माझ्यापुढं दोन वाटा होत्या. 'अयोग्य' लिहायचं आणि ती बंदूक भंगारात जाताना बघायची. नाहीतर काळ्या दारूची काडतुसं मीच भरून द्यायची. एकदा उडवलेली कारखान्याची काडतुसं माझ्याकडं ढिगानं पडलेली असत. त्यांची टोपी बदलायची, आत मोजून काळी दारू, वर जाड पुठ्ठ्याची चकती, छर्रे, पुन्हा चकती, आणि तोंड वळवून बंद. हे मी स्वतःच्या चाचणीसाठी करायचो तोवर ठीक होतं. गिऱ्हाईकाला भरून देणं कागदावर कुठं बसत नव्हतं. तरी मी तात्यांना दहा काडतुसं भरून दिली आणि चिठ्ठीवर 'वापरण्यास योग्य' लिहिलं.

"ही दहा सोडून हिच्यात दुसरं काही जाणार नाही," मी म्हणालो. "संपली की माझ्याकडं यायचं. बार काढला की आधणाच्या पाण्यानं नळ्या धुवायच्या. आणि काकींना सांगा, दसऱ्याला नुसतं हळदकुंकू."

"तिला तुमीच सांगा बाबा," तात्या म्हणाले. "माजं कुटं ऐकती?"

पुढच्या खेपेला काकी स्वतः आल्या होत्या, बारामतीच्या बाजाराला. मी पंचामृताचा विषय काढला तर मलाच म्हणाल्या, "देवाला काय नुसतं भायरनं धुत्यात व्हय?" मी हात टेकले. नळी माझी मीच साफ करत राहिलो.

तर अशी पाच-सहा वर्षं गेली. वर्षाला दोन खेपा. तात्या यायचे, बंदूक द्यायचे, चहा प्यायचे आणि बंदुकीपेक्षा जास्त मेंढरांविषयी बोलायचे. कुठल्या साली लोकर चांगली निघाली, कुठल्या रानात चारा गोड. विकलेल्या मेंढरांची नावं त्यांना पाठ होती. मला त्यात काही गम्य नव्हतं, पण ते बोलत असले की बरं वाटायचं. धंद्यात असं माणूस विरळा. बाकीचे सगळे घाईत, सगळ्यांना चिठ्ठी आजच पाहिजे.

याच काळात माझ्याकडं पुण्याचे एक दातांचे डॉक्टर येत. त्यांना जुन्या जर्मन बंदुका जमवायचा नाद. परवाने व्यवस्थित, पैसा व्यवस्थित, आणि बंदुकीवर माया खरी. दातांत बघायचा छोटा आरसा ते खिशात ठेवत आणि नळीत घालून खड्डे मोजत. "मिस्त्री, हिला कीड लागलीय, भरून निघणार नाही," असं निदान करत. कुठं जुनी जर्मन बंदूक दिसली की त्यांना कळवायचं, एवढं माझं काम. रविवारी कधीतरी आम्ही त्यांच्या एका मित्राच्या मुरमाच्या खाणीत जायचो आणि मडकी मांडून बार काढायचो. शिकार तर केव्हाच बंद झालेली. काळ्या दारूचा बार ऐकला आहे का कुणी? नव्या काडतुसासारखा तो कानफाटीत मारत नाही. धप्प असा दमदार आवाज, खांद्याला सावकाश रेटा, आणि समोर पांढऱ्या धुराचा ढग. मडकं फुटलं की नाही ते धूर विरल्यावर कळतं. नासक्या अंड्यासारखा वास येतो. मला तो वास आवडायचा. सगळ्या आठवड्याच्या गंजाचा शीण त्या वासानं जायचा.

डॉक्टरांना तात्यांच्या दुनळीबद्दल मीच सांगितलं. एका रविवारी तात्यांना घेऊन खाणीत गेलो. डॉक्टरांनी बंदूक हातात घेतली, आरसा घातला, पुन्हा पुन्हा बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू आलं. "मारून बघू का, तात्या?"

"मारा की. पर येका टायमाला येकच घोडा वढा. दोनी वढलं तर म्हातारी लाथ घालती."

डॉक्टरांनी चार बार काढले, दोन मडकी फोडली. मग तात्यांनी बंदूक घेतली. नेम धरल्यासारखं केलंच नाही. कुत्र्याला हाड टाकावं तशी सहज खांद्याला लावली आणि धप्प, धप्प. धूर गेल्यावर बघितलं तर दोन्ही मडक्यांचे गळे तेवढे शिल्लक.

"तात्या, ही मला द्या," डॉक्टर म्हणाले. "काचेच्या कपाटात ठेवीन. मागाल ती किंमत देतो."

तात्यांनी नळीवरून हात फिरवला. "डाक्टरसायेब, मेंढरं गेली, कुत्री गेली, लांडगं बी गेलं. पोरं म्हनत्यात आमी ऊसवालं. घरात मेंढरांच्या वक्ताचं काय ऱ्हायलंय तर ही. न्हाय जमायचं."

परत येताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, तुम्ही काडतुसं भरून देता ते ठीक. पण ही बंदूक घरात वापरात नको. एखाद्या दिवशी चुकीचं काडतूस जाईल. तुम्ही चिठ्ठीत 'अयोग्य' लिहा, मी कायद्यानं जुनी वस्तू म्हणून ती वाचवायचं बघतो."

ते खरं बोलत होते. पण मला राग आला. मला वाटलं, या माणसाला बंदूक पाहिजे म्हणून हा माझ्या चिठ्ठीतला शब्द बदलायला सांगतो. 'अयोग्य' लिहिलं असतं तर तात्यांची बंदूक गेली असती आणि ती डॉक्टरांच्या कपाटात दिसली असती. मग तात्यांनी काय समजायचं? मिस्त्री विकला गेला. म्हणून पुढच्या नूतनीकरणालाही मी ताठ मानेनं 'योग्य' लिहिलं. बंदूक सुरक्षित आहे म्हणून लिहिलं की माझं नाव सुरक्षित राहावं म्हणून, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

मग निवडणुका आल्या. त्या दशकात निवडणुका सारख्याच यायच्या. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांनी बंदुका आणि काडतुसं पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत न्यायची, हा नियम. आमच्या भागातलं कुठलं ठाणं ते सांगत नाही, सांगून आता उपयोग नाही. दर वेळी बंदुका जमा होताना ठाण्यातून मला बोलावणं यायचं. लोक भरलेली बंदूक तशीच आणून टेकवायचे. ती कुणीतरी जाणत्यानं उघडून रिकामी केली पाहिजे ना!

त्या दिवशी सकाळी आठपासून मी ठाण्याच्या व्हरांड्यात उभा होतो. निमगाव केतकीपासून कळंबपर्यंतची माणसं रांगेत. एकेकाची बंदूक घ्यायची, उघडायची, नळीत बघायचं, नंबर वाचून सांगायचा, चिठ्ठी बांधायची. दुपारपर्यंत चाळीसेक झाल्या. कंबर मोडली होती. जेवायला कुणी विचारलं नव्हतं.

तात्या रांगेत होते. त्यांची बंदूक मी ओळखीनंच घेतली, उघडली, रिकामी होती. काडतुसं त्यांनी तंबाखूच्या डब्यात आणली होती. हवालदारानं डबा उघडला, मोजली. "बारा बोअर, दहा नग." वहीत लिहिलं आणि, मागच्या वेळांसारखा डबा चिठ्ठी लावून ठेवायचा सोडून, तो शेजारच्या लाकडी पेटीत उपडा केला. पेटीत बाकीच्यांची काडतुसं होती. सगळी बारा बोअरची म्हणजे एकाच मापाची, सगळ्यांची खोळ एकाच कारखान्याची. माझीही त्याच कारखान्याची, जुन्या खोळीत भरलेली. रिकामा डबा हवालदारानं तात्यांना परत दिला.

मी ते बघितलं. अगदी समोर झालं. 'थांबा, ही वेगळी ठेवा' एवढे चार शब्द बोलायचे होते. पण बोललो असतो तर पुढं प्रश्न आला असता, वेगळी म्हणजे कशी? कुणी भरली? साहेब तिथंच खुर्चीत बसलेले. आणि दुसरं म्हणजे मी दमलो होतो. खरंच दमलो होतो. मागं वीस माणसं उभी होती, उन्हं तापलेली, आणि मनात आलं, परत नेताना तात्या बंदूक साफ करायला माझ्याकडं येतातच, तेव्हा काडतुसं बदलून देऊ. दर वेळी येत होते. मी पुढची बंदूक हातात घेतली. तात्यांनी जाताना हात वर केला, मीही केला.

निकाल लागला, बंदुका परत मिळाल्या. वहीत 'दहा नग' होते, तात्यांना दहा नग मिळाले. पेटीतून मोजून. चूक म्हणाल तर कुणाचीच नाही. दहा जमा, दहा परत. त्यांच्या हिशोबानं चोख काम.

तात्या माझ्याकडं आले नाहीत. दोन दिवसांनी पहाटे फटफटायच्या वेळी त्यांच्या मक्यात डुकरांचा कळप शिरला. तात्यांनी घरातून बंदूक आणली, भरली आणि हवेत पहिला बार काढला. काकी दारात होत्या. त्यांनी मला नंतर सांगितलं, "आवाज येगळाच आला. म्या म्हनलं, आवो, धूर कसा न्हाय?" एरवी पांढरा ढग उठायचा, तो उठला नव्हता. काकींना जे कळलं ते त्या क्षणी तात्यांना कळलं नाही. त्यांनी दुसरा घोडा ओढला. डावी नळी त्यांच्या हाताखाली फाटली.

डाव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा अर्धा राहिला. डोळे वाचले, तेवढं नशीब. बारामतीच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा ते झोपेत होते. काकी बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. त्यांच्या लुगड्याला रक्ताचे डाग वाळलेले होते. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही.

पुढं चौकशी लागली. फाटलेली बंदूक मुद्देमालात. साहेबांनी मला बोलावलं, चिठ्ठी दाखवली. 'वापरण्यास योग्य', खाली माझी सही. आता तात्या सांगणार, मिस्त्री मला वेगळी काडतुसं भरून देत होते, ती ठाण्यात बदलली. म्हणजे माझा परवाना गेला, दुकान गेलं, आणि खटला वेगळा.

साहेबांनी तात्यांचा जबाब वाचून दाखवला. तात्यांनी लिहून दिलं होतं की काडतुसं मी स्वतः दुकानातून घेतली होती. बंदूक जुनी आहे, नवी काडतुसं घालू नका, असं मिस्त्रींनी मला पहिल्यापासून बजावलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी. कुणावर तक्रार नाही.

"बरोबर आहे का?" साहेबांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो आणि सही केली.

बाहेर आलो आणि समोरच्या टपरीवर चहा घेतला. सुटलो म्हणून तो गोड लागला, हे लिहायला आज लाज वाटते. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते दुकानात आले. माझ्याशी भांडतील असं वाटलं होतं. ते नुसते बसले आणि म्हणाले, "मी जोर धरायला पाहिजे होता, मिस्त्री. माझाच लोभ मला आड आला." मग उठून गेले. त्यानंतर त्यांचं येणं कमी झालं. मुरमाच्या खाणीत आम्ही पुन्हा गेलो नाही. बंदूक यथावकाश भंगारात कापली गेली, तिची शिंगाची कमान कुठं गेली कुणास ठाऊक.

पाच-सहा महिन्यांनी तात्या आले. एसटीनंच. हात पटक्याच्या कापडात गुंडाळलेला. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. ते बराच वेळ भिंतीवर टांगलेल्या बंदुका बघत बसले. मेंढरांचा विषय त्यांनी काढला नाही.

"तात्या," मी म्हणालो, "तुम्ही जबाबात..."

"ते ऱ्हाऊ द्या. तुमची पोरंबाळं हायती. माजं काय, बोटं काय परत येनार हाईत व्हय?" मग थांबून म्हणाले, "येकच इचारायचं हुतं. काडतुसं पेटीत वतली तवा तुमी तितंच हुता न्हवं? तुमी बगितलं का ते?"

विचारताना आवाजात राग नव्हता. नुसतं कळून घ्यायचं होतं. माझ्यासाठी साहेबांसमोर खोटं बोललेला माणूस होता तो, आणि त्याच्या बदल्यात एक खरं उत्तर मागायला एवढ्या लांबून आला होता. हो म्हणालो असतो तर त्यांनी मला काही केलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

"नाही तात्या," मी म्हणालो. "मी दुसऱ्या बंदुकीत गुंतलो होतो. बघितलं असतं तर बोललो नसतो का?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं.

"व्हय की," ते म्हणाले. "बोलला आसता."

चहा आला. त्यांनी उजव्या हातानं कप उचलला, बशीत ओतायला दुसरा हात पुढं आणला आणि परत मागं घेतला. मी बशी धरायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, गार झाल्यावर पितो." गार व्हायच्या आत ते उठले. एसटीची वेळ झाली म्हणाले. कळंबकडच्या गाडीला अजून तास होता.

पुन्हा आले नाहीत. दोन वर्षांनी ते गेल्याचा निरोप आला. निरोप आणणाऱ्यानं सांगितलं, काकींनी मुद्दाम कळवायला सांगितलंय. मी दुकान बंद करून घरी आलो. कळंबला गेलो नाही. घरात विचारलं तर म्हणालो, आज पाय फार दुखतायत.